बोटांचा हिशोब : धूळपाटीपासून टचपॅडपर्यंत

आष्टी म्हटलं की समोरचा माणूस आधी बीड जिल्ह्याचं नाव घेतो. इतिहास वाचलेला असेल तर त्याला फेब्रुवारी १८१८ ची लढाई आणि बापू गोखले आठवतात. ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. १९४२ च्या हुतात्म्यांची आष्टी वर्धा जिल्ह्यातली. आमची आष्टी परतूर तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. हा जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी आमचा परतूर तालुका परभणीत होता आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही सगळे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो.

हे सांगायचं कारण आमच्या घरातला नवा लॅपटॉप.

संस्थानाचा सरकारी कारभार उर्दूत चालायचा. सेतवार, पहाणी, वारसाच्या नोंदी, सगळं उर्दूत. आज गावात ते घसटलेलं अक्षर वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यातले एक माझे अब्बा. २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांची गरज एकदम वाढली. गल्लीतली मराठा पोरं मोबाइलवर कागदाचे फोटो घेऊन येऊ लागली. "चाचा, एवढं आमच्या पणज्याचं नाव बघा ना." अब्बा बघायचे. पण मोबाइलचा पडदा केवढा आणि अब्बांची नजर केवढी! म्हणून मी लॅपटॉप आणला. एका बाजूला जुना कागद, दुसऱ्या बाजूला नंतरची नोंद. दोन बोटांनी अक्षर मोठं करायचं, तीन बोटं सरकवून एका कागदावरून दुसऱ्यावर जायचं. दुकानात हे सगळं अगदी लोण्यासारखं चाललं होतं.

घरी आल्यावर चालेना. कधी अक्षर मोठं व्हायचं, कधी पान भलतीकडेच उडायचं. तीन बोटं सरकवली तर कागद बदलायच्या ऐवजी आवाजाची पट्टी वर जायची. शेजारचा मुलगा दाखल्यासाठी खोळंबला होता. अब्बांनी चार दिवस प्रयत्न केला आणि हात मागे घेतला. म्हणाले, "मेरी उंगल्याँच मर गयीं रे. खेती में घिस गयीं. मशीन पछानती नै."

माझ्या मनात राहिलं ते हे वाक्य. नवी वस्तू चालली नाही की आपली माणसं आधी स्वतःच्या हाताला दोष देतात. तो दोष खरा आहे का, हे बघायला मी बोटांच्या या भाषेचा इतिहास थोडा मागे जाऊन वाचला.

बोटाने सपाट जागेवर काही काढायचं आणि पुसायचं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्याकडे पोरं धूळपाटीवरच अक्षरं शिकली. 'धुळाक्षर' हा शब्द तिथलाच. भारतीय अंक घेऊन हीच धूळपाटी अरब जगात गेली. इसवी सन ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी यांनी भारतीय गणितावर ग्रंथ लिहिला आणि धूळपाटीवर पुसत पुसत करायची उदाहरणं शाई-कागदावर न पुसता कशी करायची ते दाखवलं. त्याच शतकात बगदादमध्ये अबुल वफा बुझजानी यांनी कारकून आणि व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं पुस्तक लिहिलं, त्यात मात्र अंक नाहीतच. संख्या शब्दांत लिहिलेल्या आहेत, कारण हा वर्ग हिशोब करायचा तो बोटांवर. बोटं ठरलेल्या पद्धतीने दुमडून दोन हातांवर ९,९९९ पर्यंतची संख्या धरून ठेवता यायची. या विद्येला 'हिसाबुल-यद', म्हणजे हाताचा हिशोब म्हणत. आपला मराठी 'हिशोब' त्याच घरातला. नमाजनंतर बोटांच्या पेरांवर तस्बीह मोजणाऱ्या माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही.

आणि फार लांब कशाला जायचं? आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली होणारे सौदे जुन्या माणसांनी पाहिले आहेत. दलाल उपरण्याखाली हात घालतो, समोरच्याची बोटं दाबतो आणि भाव ठरतो. धान्याच्या बाजारात हीच 'हत्ता पद्धत'. तीन बोटं म्हणजे तीन. पण तीनशे की तीन हजार, हे जनावराकडे बघून दोघांनी आधीच समजून घेतलेलं असतं. बोटं तीच, अर्थ ठरावाचा. कापडाखाली काय ठरलं ते मालकाला दिसत नसे, म्हणूनच नियंत्रित बाजारात हत्ता पद्धतीवर बंदी आली आणि उघड लिलाव सुरू झाला.

टचपॅडची गोष्ट इथूनच समजते. तोही बोटं मोजतो आणि ठरलेला अर्थ लावतो. फरक एवढाच, की आपल्या वतीने तो ठराव दुसऱ्याच कोणीतरी केलेला असतो.

एकापेक्षा जास्त बोटं ओळखणाऱ्या यंत्राचा पहिला नमुना १९८२ मध्ये टोरोंटो विद्यापीठात निमिष मेहता या विद्यार्थ्याने केला. धुरकट काचेवर बोटं टेकवायची आणि काचेमागचा कॅमेरा त्यांच्या सावल्या बघायचा. १९८५ मध्ये त्याच विद्यापीठातून बिल बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या भारावर चालणारी, अनेक बोटं ओळखणारी पाटी मांडली. पण बाजारात आला तो एका बोटाचा टचपॅड. जॉर्ज गेरफाइड यांनी १९८८ च्या सुमारास तयार केलेलं तंत्र घेऊन ॲपलने मे १९९४ मध्ये पॉवरबुक ५०० मालिका काढली. तोवर लॅपटॉपवर बाण हलवायला गोळा फिरवावा लागायचा किंवा कीबोर्डच्या मधली छोटी घुंडी ढकलावी लागायची.

या पाटीखाली बारीक तारांची आडवी-उभी जाळी असते. आपलं शरीर वीज वाहून नेतं. बोट जवळ आलं की जाळीतला थोडासा भार बोटाकडे ओढला जातो आणि कुठे फरक पडला ते यंत्र मोजतं. जुन्या पाट्या आडव्या ओळी वेगळ्या आणि उभ्या ओळी वेगळ्या मोजायच्या. एक बोट असेल तर ठीक. दोन टेकवली की दोन आडव्या, दोन उभ्या खुणा मिळायच्या, आणि त्यातली कोणती कोणाची जोडी हे कळायचं नाही. चार कोपऱ्यांपैकी दोन खरे, दोन भुताचे. नव्या पाट्या प्रत्येक छेदबिंदू वेगळा मोजतात, म्हणून त्यांना तीन-चार बोटं नीट दिसतात.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस वेन वेस्टरमन. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात तो संशोधन करत होता आणि टंकलेखनाने त्याचे हात दुखत होते. कमी जोर लागेल असं काही हवं, म्हणून त्याने जॉन इलियास या आपल्या प्राध्यापकांबरोबर बोटांच्या नुसत्या स्पर्शावर चालणारी पाटी तयार केली. १९९८ मध्ये दोघांनी फिंगरवर्क्स नावाची कंपनी काढली आणि २००५ मध्ये ॲपलने ती घेतली. त्याच वर्षी ॲपलच्या लॅपटॉपवर दोन बोटांनी पान सरकवणं आलं, २००७ मध्ये आयफोन आला, आणि जानेवारी २००८ च्या मॅकबुक एअरवर चिमटीने मोठं करणं, तीन बोटांनी पुढे-मागे जाणं आलं. विंडोजवाल्यांकडे बराच काळ प्रत्येक कंपनीचा टचपॅड आपापली भाषा बोलायचा. २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर मायक्रोसॉफ्टने 'प्रिसिजन टचपॅड' हा एकसारखा नियम आणला आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये तीन बोटांचे इशारे सर्रास झाले. लिनक्सच्या गनोममध्ये ते मार्च २०२१ मध्ये, ४० व्या आवृत्तीत, नीट बसले.

म्हणजे ही सगळी विद्या मुळात एका दुखऱ्या हातासाठी जन्मली. शेतात झिजलेल्या हाताला तिने ओळखू नये, हे मला पटेना. मग मी इतिहास बाजूला ठेवून शोध सुरू केला.

आधी ठराव तपासला. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात 'टचपॅड', त्यात तीन बोटांचे इशारे. तिथे लिहिलेलं होतं की तीन बोटं म्हणजे आवाज कमी-जास्त! गाणी ऐकायला बसलेल्या भाच्याने ते बदललं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. रुमालाखालचा सौदाच झाला. ते बदलून 'ॲप बदला' केलं. तिथेच संवेदनशीलता वाढवली, कारण कातडी जाड आणि कोरडी असली की बोटाची खूण फिकी उमटते आणि यंत्र ती चुकून झालेला स्पर्श समजून टाकून देऊ शकतं. अब्बांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण त्यावर इलाज होता.

मग सवयी बघितल्या. अब्बा वजू करून ओल्या हातानेच बसायचे. पाण्याचा थेंबही त्या जाळीला बोटासारखा वाटू शकतो. ते तीन बोटं घट्ट जुळवून ठेवायचे. बोटं चिकटली की यंत्राला तिन्हींचा एकच डाग दिसतो. आणि अंगठा काठावर टेकवलेला असायचा, तो चौथा मोजला जायचा. हात कोरडे, बोटांत थोडी फट, अंगठा वर. एवढ्याने निम्मं काम झालं.

नव्या लॅपटॉपमध्ये टचपॅडचं ड्रायव्हर खोक्यात भरलं तेव्हाचं असतं, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून नवं घातलं. तरी अधूनमधून बाण थरथरायचा आणि चिमटी सुटायची. शेवटी एक गोष्ट लक्षात आली. सकाळी अंगणात बसलं की सगळं ठीक, रात्री खोलीत बसलं की बिघाड. अंगणात लॅपटॉप बॅटरीवर असायचा, खोलीत चार्जरवर. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्यावरून हात फिरवला की हलक्या मुंग्याही यायच्या. घरातल्या फ्रिजलाही तशाच येतात, आम्ही त्या वर्षानुवर्षं अंगवळणी पाडून घेतल्या होत्या.

चार्जर वीज बदलतो तेव्हा आतमध्ये थोडा विद्युत गोंगाट तयार होतो. तो जमिनीत जावा म्हणून तिसरी, जाड पिन असते. तिला वाट नसेल तर तो गोंगाट लॅपटॉपवर तरंगत राहतो. मग आपलं बोट टेकलं की भार मोजणाऱ्या जाळीला बोट आणि गोंगाट वेगळे काढता येत नाहीत. वायरमनने बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकाला तारच नव्हती. प्लास्टिकचं तोंड तेवढं होतं, आत काही नाही.

आपल्या भागात ही गोष्ट घरोघरी आहे. जिथे अर्थिंग आहे तिथेही काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि सुकलेली माती वीज नीट घेत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. आम्ही अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, पाइप पुरला, तार घरभर फिरवली. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, स्वतः बोर्डात हात घालू नये. खर्च झाला, पण फ्रिजच्या मुंग्याही गेल्या. लॅपटॉपच्या निमित्ताने घरातला एक जुना धोका टळला, हा खरा फायदा.

कोणाला हाच त्रास असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी चार्जर काढून बॅटरीवर बघा. बॅटरीवर ठीक चाललं तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. तिथेही बिघडत असेल तर हात आणि पाटी कोरडी करा, पाटीवरचं प्लास्टिक काढा, सेटिंग्ज बघा, मग ड्रायव्हर. जमल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. तिथेही तेच होत असेल तर दोष यंत्रात असण्याची शक्यता मोठी. मग बदलून देण्याची मुदत संपायच्या आत दुकानदाराकडे जा. आणि तो म्हणाला, 'तुम्हाला वापरता येत नाही', तर लगेच मान हलवू नका.

त्या रात्री अब्बा खोलीत बसले. चष्मा पुसला, दोन बोटं टेकवली, फाकवली. पडद्यावर ते घसटलेलं नाव मोठं झालं. त्यांनी ते तीनदा वाचलं, मग तीन बोटं सरकवून दुसरा कागद काढला आणि तिथलंही वाचलं. शेजारच्या मुलाला हाक मारून म्हणाले, "ये रे, लिहून घे."

मुलगा लिहीत असताना अब्बा स्वतःच्या बोटांकडे बघत होते. मला म्हणाले, "उंगल्याँ ठीक थीं. जमीन से जोड़ना था."