जबलपूरचा चिलखती सरडा, जो कधी अस्तित्वातच नव्हता

जबलपूरजवळ भेडाघाटाच्या टेकडीवर कलचुरी राजवटीत उभारलेले चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. तेथील काही देवतांना पशूंची मुखे आहेत. महाराष्ट्रातल्या गडकोटांच्या दरवाजांवर कोरलेला शरभही याच जातीचा : सिंहाचे धड, त्याला दुसऱ्याच कुठल्या प्राण्याचे अवयव. अशा जोडप्राण्यांची घडण ही शिल्पकारांची मिरास, असे आपण समजतो. परंतु याच नर्मदेच्या परिसरात, विसाव्या शतकात, विज्ञानानेही एक शरभ घडवला होता. त्याला लॅटिन नाव मिळाले, अधिकृत शोधनिबंधात त्याचे वर्णन छापले गेले आणि तो खोटा आहे हे ध्यानात येण्यास काही वर्षे जावी लागली.

कथेचा आरंभ १८२८ सालचा. ठगांच्या बंदोबस्तासाठी पुढे प्रसिद्धीस आलेला विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी त्या काळी जबलपुरात होता. तेथील बडा शिमला टेकडीच्या परिसरात त्याला दगड बनलेल्या काही अस्थी सापडल्या. 'डायनोसॉर' हा शब्दच तोवर जन्मला नव्हता. रिचर्ड ओवेनने तो १८४२ मध्ये घडवला. त्यामुळे हातात काय आले आहे हे स्लीमनला कळण्याचा संभव नव्हता. अस्थी स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरांकडे गेल्या, त्यांच्याकडून कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे. ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडणारा तो हाच प्रिन्सेप. शिलालेख त्याने वाचले. या दगडांचे वाचन मात्र इतरांवर राहिले.

ते वाचन रिचर्ड लायडेकरने १८७७ मध्ये केले. शेपटीच्या मणक्यांची घडण त्याला वेगळी दिसली : प्रत्येक मणका पुढून खोलगट व मागून गोलाकार, जणू उखळीत बसणारा गोळा. एवढ्या आधारावर त्याने 'टायटनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. भारतातील हा पहिला नामांकित डायनोसॉर. पुढे जगभर अशाच मणक्यांचे अनेक महाकाय प्राणी सापडले आणि त्या साऱ्या कुळाला टायटनोसॉर म्हणू लागले. गंमत अशी की, याच यशामुळे मूळ नाव डळमळले. जे वैशिष्ट्य एका प्राण्याचे वाटले होते ते साऱ्या कुळाचेच निघाले. तेव्हा जबलपूरचा मणका नेमका कोणाचा हे ठरवता येईना. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी हे नाव संशयास्पद ठरवले. कुळाचे नाव टिकले, मूळ पुरुष मात्र यादीतून बाद झाला.

खरा शरभ पुढचा. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली याने बडा शिमला येथे उत्खनन केले. त्याला कमरेचे जोडलेले मणके, नितंबाची हाडे, नडगीचे हाड आणि अस्थींचे असंख्य पट्ट सापडले. जवळजवळ सापडलेली हाडे एकाच प्राण्याची, असे त्याने मानले. पट्ट म्हणजे चिलखत. चिलखत म्हणजे अँकिलोसॉरसारख्या प्राण्यांशी नाते. लॅमेटा घाटावरून ज्या थरांना नाव मिळाले त्यांच्यावरूनच त्याने या प्राण्याला 'लॅमेटासॉरस इंडिकस' म्हटले.

या तर्कात हास्यास्पद काही नाही. थोड्या निरीक्षणांवरून मूळ वस्तू रचावयाची असेल तर त्याच निरीक्षणांत बसणाऱ्या अनेक रचना संभवतात, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. मॅटलीने त्यांतली सर्वांत सोपी निवडली. परंतु एका थरात सापडणे आणि एका देहात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाहते पाणी अनेक मृत प्राण्यांची हाडे एकाच जागी आणून टाकू शकते.

१९३५ मध्ये धीरेंद्र किशोर चक्रवर्ती यांनी सरळ प्रश्न केला : लॅमेटासॉरस हा चिलखती डायनोसॉर आहे काय? त्यांच्या मते तो एक प्राणी नव्हताच. निरनिराळ्या प्राण्यांच्या अस्थींचे ते मिश्रण होते. दोनच वर्षांपूर्वी, १९३३ मध्ये, जर्मनीचे ख्यातनाम फ्रीड्रिश फॉन ह्युने आणि मॅटली यांचा मध्य प्रांतातील डायनोसॉरांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. अशा वेळी एका भारतीय अभ्यासकाने असा आक्षेप घेणे ही लहान गोष्ट नव्हती. १९६४ मध्ये ॲलिक वॉकर यांनी पट्ट वेगळे काढून 'लॅमेटासॉरस' हे नाव कंबर व नडगीपुरते मर्यादित केले. शाकाहारी मानलेल्या प्राण्याची कंबर मांसाहारी प्राण्याची निघाली!

मग ते पट्ट कोणाचे? दीर्घमानी महाकाय शाकाहाऱ्यांना चिलखत असेल, ही कल्पना तोवर बहुतेकांना अमान्य होती. मादागास्करमधील अस्थींवरून देपेरे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच तसे सुचवले होते; पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९८० मध्ये अर्जेंटिनातील 'सॉल्टासॉरस'चे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा टायटनोसॉरांच्या काही जातींच्या अंगावर खरोखरच अस्थिपट्ट होते हे सिद्ध झाले. जबलपूरचे पट्टही अशाच एखाद्या प्राण्याचे असावेत, असे मग म्हटले जाऊ लागले. म्हणजे चिलखत खरे होते. चुकला होता तो चिलखत घालणारा.

मांसाहाऱ्याचे रूप स्पष्ट होण्यास २००३ साल उजाडले. गुजरातेतील रहिओली येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८० च्या दशकात जमवलेल्या अस्थींवरून 'राजासॉरस नर्मदेन्सिस'चे वर्णन झाले. येथे फरक असा होता की, उत्खननाच्या वेळी कोणते हाड कोठे पडले होते याचा नकाशा काढलेला होता. कपाळावर आखूड शिंग असलेला हा प्राणी मादागास्कर व दक्षिण अमेरिकेतील ॲबेलिसॉर कुळाचा आप्त आहे. लॅमेटासॉरसची कंबरही आज याच कुळात धरली जाते.

लॅमेटा थर पार विदर्भापर्यंत पोहोचतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले. डायनोसॉरांच्या काळात गवत दाखवणारे चित्र तोवर चूक समजले जाई; शेणाने ते दुरुस्त केले.

अशा दुरुस्त्यांना एक अट असते : मूळ अस्थी शिल्लक असावी लागते. स्लीमनला सापडलेले टायटनोसॉरसचे मणके कित्येक दशके बेपत्ता मानले जात होते. २०१२ मध्ये नागपूरशी दीर्घ संबंध असलेले भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांना कोलकात्यातील सर्वेक्षणाच्याच संग्रहात हरवलेला मणका पुन्हा मिळाला. तो तेथेच होता, फक्त कोणी ओळखला नव्हता. लॅमेटासॉरसची कंबर आणि नडगी मात्र अजून सापडलेली नाहीत. त्यांच्याविषयी आज जे काही म्हणता येते ते मॅटलीच्या वर्णनावर आणि चित्रांवरच अवलंबून आहे.