बालवाचकांचा कौल

ग्रंथाची पारख वडीलधाऱ्यांनीं करावी आणि मुलांनीं तो निमूटपणें वाचावा, ही सर्वत्र चालत आलेली रीत. अमेरिकेंत १९२२ सालीं बालसाहित्यासाठीं न्यूबेरी पदक सुरू झालें तेंही याच रीतीनें. निवड सर्वस्वीं ग्रंथपालांची. १९२८ सालीं धनगोपाल मुखर्जी या बंगाली लेखकाच्या कबुतराच्या कथेस तें मिळालें, हें येथें सहज आठवतें.

१९४० सालीं सिॲटल शहरांतील हॅरी हार्टमन या पुस्तकविक्रेत्यानें निराळाच मार्ग सुचविला. आपल्या आवडीचें पुस्तक निवडण्याची संधि प्रत्येक विद्यार्थ्यास मिळावी, असें त्याचें मत होतें. दुकानदाराच्या सूचनेंत स्वार्थाचा लेशहि नसेल असें नाहीं. परंतु भार उचलला तो त्या वायव्य प्रांतांतील ग्रंथपालांच्या संघानें. या संघांत कॅनडाचा शेजारचा मुलूखहि येतो. पारितोषिकाचें नांव ‘यंग रीडर्स चॉइस’.

मतदानाची अट मोठी शहाणपणाची आहे: यादींतील निदान २ पुस्तकें वाचल्यावांचून मत देतां येत नाहीं. शिवाय यादींत येणारें पुस्तक ३ वर्षांपूर्वींचें असतें; जाहिरातींचा गलबला तोंवर विरलेला असतो.

मुलांचा कौल आणि पंडितांचा निर्णय जुळतोच असें नव्हे. पेंग्विन पाळणाऱ्या एका रंगाऱ्याची ‘मिस्टर पॉपर्स पेंग्विन्स’ ही ॲटवॉटर दांपत्याची विनोदी कथा १९३८ सालीं निघाली. १९३९ सालीं न्यूबेरीच्या परीक्षकांनीं तिला केवळ सन्माननीय ठरवून पदक ‘थिंबल समर’ला दिलें. १९४१ सालीं मुलांनीं मात्र तिलाच पहिला मान दिला.

पुढें १९५२ सालीं कॅन्सस राज्यांतहि मुलांच्या मतांवर असेंच पारितोषिक सुरू झालें.