वेदनाशामके व आम्लशामके : एकत्र वापर

अंगदुखी, डोकेदुखी किंवा सांधेदुखीवरच्या गोळीबरोबर छातीतल्या जळजळीवरचे औषध घेण्याची पद्धत. महाराष्ट्रात मेडिकलमधून ‘दुखण्याची आणि सोबत गॅसची’ अशी ही जोडी सर्रास मागितली जाते. ती कितपत सुरक्षित, हे दुखण्याची गोळी कोणती यावर ठरते.

पॅरासिटामॉल जठराला सहसा बाधत नाही. त्यासोबत गॅसची गोळी बहुधा लागतच नाही. मात्र सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही ते असते. निरोगी प्रौढाने दिवसभरात सर्व मिळून 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडल्यास यकृताला इजा होऊ शकते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन व ॲस्पिरिन यांचे तसे नाही. ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिने तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. प्रोस्टाग्लँडिनांमुळे वेदना व सूज वाढते, पण जठराच्या अस्तरावरचा संरक्षक श्लेष्माही त्यांच्यामुळेच टिकतो. म्हणजे दुखणे ज्या क्रियेने थांबते तिनेच जठर उघडे पडते. इंजेक्शन घेतले तरी व्रण होऊ शकतो तो यामुळेच; जेवणानंतर गोळी घेतल्यानेही ही भीती संपत नाही.

जळजळीवरचे पांढरे पातळ औषध तयार आम्ल काही काळ शमवते. व्रण रोखण्यासाठी त्यावर विसंबता येत नाही. ओमेप्राझोल व पँटोप्राझोल आम्लाची निर्मितीच घटवतात आणि जठर व आद्यांत्रातील व्रणांचा धोका खरोखर कमी करतात. ती जेवणापूर्वी साधारण अर्धा तास घ्यावीत. त्यांचे संरक्षण जठर व आद्यांत्रापुरतेच. मूत्रपिंडे, रक्तदाब, हृदय आणि आतड्याचा पुढचा भाग त्यात येत नाही. जळजळ थांबली म्हणजे पोट शाबूत, हा समज सर्वांत घातक आहे, कारण काही रुग्णांत व्रण न दुखताच रक्तस्राव करतो.

पाण्यात फसफसणाऱ्या काही गोळ्यांत ॲस्पिरिनच असते, तर सोडायुक्त चूर्णांतील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णांना बाधते. वय 65 च्या पुढे, पूर्वी व्रण, रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइड औषधे चालू, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण, यांपैकी काहीही असल्यास ही जोडी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन टाळावे.

डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास गोळी बंद करून तातडीने रुग्णालय गाठावे. जळजळीसोबत घाम आणि हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर गॅसची गोळी शोधत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.