पीएच.डी. संशोधकांची रजा

पीएच.डी. संशोधकांची रजा म्हणजे विद्यावाचस्पती पदवीसाठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याला संशोधनकार्यातून अधिकृतपणे मिळणारी सुटी होय. भारतात असा संशोधक विद्यापीठाचे शुल्क भरतो आणि अधिछात्रवृत्ती मिळत असल्यास दरमहा ठरावीक रक्कमही घेतो. त्याचे स्थान विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्या मधले असल्याने पदवी वर्गांची दीर्घ सुटी त्याला लागू होत नाही आणि नोकरदाराप्रमाणे अर्जित रजाही त्याच्या खात्यावर साठत नाही.

वार्षिक रजा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीच्या नियमांनुसार सार्वजनिक सुट्यांव्यतिरिक्त वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस रजा घेता येते. त्यासाठी संस्थेची मान्यता लागते. उन्हाळी, हिवाळी किंवा पूजेची सुटी सार्वजनिक सुट्यांत धरली जात नाही, असे नियमात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे मे महिन्यात महाविद्यालयाचे वर्ग बंद असले, तरी अधिछात्राने गावी जाण्याचे दिवस या ३० दिवसांतूनच वजा होतात.

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या प्रकल्पांवरील नियम अधिक कडक आहेत. तेथे कनिष्ठ व वरिष्ठ संशोधन अधिछात्रांना केवळ नैमित्तिक रजा मिळते. संशोधन सहयोग्यांना मात्र यजमान संस्थेच्या नियमांप्रमाणे रजा असते. परिषद किंवा कार्यशाळेतील सहभाग रजेत न मोजता कामावरील उपस्थिती मानला जातो.

नियमांतील संख्येपेक्षा व्यवहारात मार्गदर्शकाची संमती अधिक निर्णायक ठरते. रजेचा अर्ज बहुधा त्याच्याच सहीने पुढे जातो आणि प्रगती अहवालावरचा अभिप्रायही तोच देतो. नियमाने मिळणारी रजा मागतानाही विद्यार्थी कचरतो, याचे एक कारण या दुहेरी अधिकारात आहे. प्रयोगशाळेतील विषयांत, विशेषतः जिथे पेशी किंवा प्राणी सांभाळावे लागतात तिथे, सहकाऱ्याने काम अंगावर घेतल्याशिवाय रजा प्रत्यक्षात घेता येत नाही. मानव्यविद्यांत ही अडचण कमी असली, तरी ग्रंथालयात वा घरी चालणाऱ्या कामाला सुटीची सीमाच नसते.

प्रसूती आणि बालसंगोपन रजा

आयोगाच्या २०१६ च्या पीएच.डी. विनियमांनी महिला संशोधकांसाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद केली. २०२२ च्या विनियमांत ती कायम आहे. तरतुदीची भाषा मात्र ‘देता येईल’ अशी आहे, ‘दिली जाईल’ अशी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने सर्व उच्च शिक्षण संस्थांना पत्र पाठवून याबाबत स्वतःचे नियम तयार करण्यास सांगितले होते.

रजा मंजूर होणे आणि त्या काळात अधिछात्रवृत्ती चालू राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विद्यापीठाच्या अखत्यारीत येते, तर दुसरी अधिछात्रवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या. अधिछात्रवृत्ती नसलेल्या विद्यार्थिनीला रजेत मुदतीचा दिलासा मिळतो, पैशांचा नाही.

कालमर्यादेशी संबंध

२०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक यांना याखेरीज दोन वर्षांची सवलत देता येते. त्यांची एकूण मर्यादा दहा वर्षे आहे. अधिछात्रवृत्ती मात्र कमाल पाच वर्षांची असल्याने लांबलेल्या रजेचा आर्थिक भार अखेरच्या टप्प्यात, प्रबंधलेखनाच्या वेळी जाणवतो.

नोकरी करणारे संशोधक

महाविद्यालयीन अध्यापकांना पीएच.डी.साठी अभ्यासरजा मिळू शकते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे ती प्रथम दोन वर्षांसाठी दिली जाते आणि मार्गदर्शकाने प्रगती समाधानकारक असल्याचे कळवल्यास एक वर्षाने वाढते.

इतर देशांत

जर्मनीत विद्यापीठाच्या नोकरीत राहून पीएच.डी. करणाऱ्यांना राज्यांच्या सार्वजनिक सेवेतील वेतनकरारानुसार पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला ३० दिवस पगारी रजा असते. केवळ शिष्यवृत्तीवर असलेल्यांना हा करार लागू नाही. ब्रिटनमध्ये यूकेआरआयच्या अनुदानावरील विद्यार्थ्यांना सार्वजनिक सुट्या धरून वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत सुटी घेता येते. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रशिक्षण अनुदानावर असलेल्यांना वर्षाला १५ दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळते, आणि दोन सत्रांमधला काळ तिथेही सुटी मानला जात नाही.