१९१८ ची साथ आणि घरचा हिशेब

सन १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत उतरली आणि सप्टेंबरात अधिक उग्र होऊन खेड्यापाड्यांत पसरली. त्या वर्षी पावसानेही पाठ फिरविली होती. महायुद्धामुळे धान्य आधीच महागले होते. २० ते ४० वर्षांची कर्ती माणसे सर्वाधिक दगावली. ऐन सुगीत शेतात हात उरले नाहीत.

अशा वेळी घर कसे तगते? दुष्काळाचा तो क्रम आपल्या परिचयाचा आहे : आधी एक वेळचे जेवण सुटते, मग दागिना सावकाराकडे जातो, मग बैल, आणि अखेर शहराची वाट. बैल गेला की पुढच्या वर्षाची नांगरटही गेली.

हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९२१ च्या जनगणनेत किंचित घटलेली दिसते. परंतु विधवेची उडालेली झोप आणि पोरक्या मुलाचा अबोला यांना जनगणनेत रकाना नव्हता.

२०२० मध्ये वाट उलटली; टाळेबंदीत माणसे शहरातून गावाकडे चालत निघाली. दागिना मात्र पुन्हा गहाण पडला. म्हणून आम्हांस वाटते, आजाऱ्याच्या घरी जाताना प्रकृतीबरोबर कर्जाचीही हळुवार विचारपूस करावी. चिंतेचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.