दंडावरचा वण आणि बूस्टरचा डोस



मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले आणि मुलींच्या धनुर्वाताच्या लशीचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "करोनाचे दोन डोस घेतले, तरी घरात सगळे आजारी पडलेच. वर बूस्टर घ्या म्हणाले. लस खरी असती तर पुन्हा कशाला टोचली असती? आता मुलीला नको." आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून जुनी माहिती काढून वाचली.

१७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी देवीची लस टोचून दाखवली. एकदा टोचलं की जन्माची काळजी मिटली, असं त्यांना वाटे. ती लस बगदाद, बसरा करत मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतात ही लस लागू पडलेली ती पहिली. तिच्या दंडावरून ती पुढे इतरांना दिली गेली.

पण काही वर्षांनी लस घेतलेल्यांनाही देवी येऊ लागल्या. मग कळलं, की लहानपणी मिळालेलं संरक्षण वर्षं सरतील तसं कमी होतं. तरीही लस घेतलेल्यांना आजार बहुधा सौम्य येई, मरण टळे. म्हणून १८७४ साली जर्मनीने कायदा केला: लहानपणी एकदा आणि बाराव्या वर्षी पुन्हा टोचायचं. लस सोडली नाही, पुन्हा दिली. १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. आपल्या सासूबाईंच्या दंडावरचा वण त्याच लढाईचा.

करोनाचंही तसंच झालं. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं. लशीने रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काही महिन्यांत कमी होतात. त्यात विषाणूही बदलला, २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला. म्हणून लस घेतलेल्यांनाही लागण झाली. पण आजाराची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी शरीरात जास्त काळ राहतात. त्यामुळे जिवावर बेतणाऱ्या आजारापासूनचं संरक्षण जास्त टिकलं. जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी आणि आजार असलेल्या वृद्धांना नऊ महिन्यांनी जादा डोस देऊ लागले. जुलैत ते अंतर सहा महिन्यांवर आलं.

प्रत्येक लशीची मुदत वेगळी असते. धनुर्वाताचं संरक्षणही उतरतं, म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस द्यायची असते, गरोदरपणातही घ्यायची असते. पुन्हा टोचणं म्हणजे आधीचं वाया गेलं असं नव्हे.

त्या ताईंना आम्ही हेच सांगितलं. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला लेकींची लसीकरण कार्डं घेऊन या. आशाताईंनाही बोलावलं आहे. कुणाचा डोस राहिलाय, ते सगळ्या मिळून बघू.