प्रभाताईंची नोकरी आणि निवृत्ती

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. दरवर्षी मी एखादी पाककृती देत असते. यंदा मात्र इतिहासाचा एक विषय मनात घर करून बसला आहे, तोच मांडते. गाणे शिकवणे ही बाईला पगार आणि मान देणारी नोकरी केव्हापासून झाली, आणि त्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गाण्याचे काय होते, हा तो विषय.

याला कारण घरातलेच. माझी धाकटी बारावी झाली आणि बी. ए. ला संगीत घेते म्हणाली. भाऊजींचे म्हणणे पडले, "गाणे हौसेपुरते ठीक, त्याने पोट भरते का?" सासूबाई म्हणाल्या, "भजनापुरते येते की पोरीला." दोघांचेही बोलणे मायेपोटीच होते. पण मी सातवी शिकलेली, नुसत्या बोलण्याने कोणाला पटवणार? म्हणून वाचनालयातून पुस्तके आणली, जाणत्या माणसांना विचारले. जे हाती लागले ते भगिनींपुढे ठेवते.

आपल्या वऱ्हाडात बाईच्या गळ्याला गाणे नवे नाही. जात्यावरच्या ओव्या झाल्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने झाली. माझे माहेर अकोल्याचे. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही मुली घरोघर गात फिरत असू आणि डब्यातली खिरापत ओळखत असू. पण हे गाणे अंगणातले. तंबोरा घेऊन चारचौघांत बसून राग गाणे, हे घरंदाज बाईचे काम नव्हे, अशी समजूत फार दिवस होती. पुरुषालाही गाणे शिकायचे तर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राबावे लागे.

हे चित्र पालटायला पुष्कळ माणसे झिजली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाण्याला वर्ग, इयत्ता व परीक्षा दिल्या. पंडित भातखंड्यांनी चिजा जमवून त्या स्वरलिपीत छापल्या. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापले. १९२० नंतरच्या काळात हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफलीत गाऊ लागल्या. साधे नेसून, शालीन बसून त्या गात. त्यांच्यामुळे 'बाई बैठकीत गाते' या शब्दांतला डाग पुसला गेला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी खैरागड येथे खास संगीताचे व कलांचे विद्यापीठ सुरू झाले. खैरागड आज छत्तीसगडात आहे, पण त्या दिवशी ते आणि आपले वऱ्हाड एकाच मध्यप्रदेश राज्यात होते. पुढे १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि आपण मुंबई राज्यात आलो.

या वाटेने पुढे जाऊन जी बाई विद्यापीठात संगीताची प्राध्यापिका झाली, ती म्हणजे डॉ. प्रभा अत्रे. जन्म १३ सप्टेंबर १९३२, पुणे. वडील शाळामास्तर. घरात गाण्याची परंपरा नव्हती. आईची प्रकृती बरी नसे, मन रमावे म्हणून कोणी गाणे शिकण्याचे सुचवले आणि गुरुजी घरी येऊ लागले. आईचे शिक्षण थोड्याच दिवसांत थांबले, पण शेजारी बसून ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीने ते उचलले. आपल्यापैकी किती जणींचे छंद असेच अर्ध्यावर राहिले असतील! पण आईने धरलेला सूर लेकीच्या हाती लागला, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे त्या किराणा घराण्याच्या सुरेशबाबू माने यांच्याकडे आणि त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. त्याच काळात विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याचीही घेतली. संगीत नाटकांत कामे केली, आकाशवाणीवर सहायक निर्मात्या म्हणून नोकरी केली. मारुबिहाग आणि कलावती या रागांची त्यांची तबकडी घरोघरी पोचली. ख्यालात सरगम, म्हणजे सा रे ग म हे स्वरांचे उच्चारच गाणे, काही जुन्या जाणकारांना रुचत नसे. प्रभाताईंनी सरगमवरच प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. जे गळ्याने मांडत होत्या, ते लेखणीनेही सिद्ध केले.

१९७९ साली त्या मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्राध्यापिका व प्रमुख झाल्या. हे तेच कर्व्यांचे विद्यापीठ. तेरा वर्षे हे काम करून १९९२ साली त्या निवृत्त झाल्या. मधल्या काळात १९९० साली पद्मश्री मिळाली, १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता निवृत्तीचे पाहा. आपल्याकडे निवृत्ती म्हणजे हार, नारळ, शाल आणि आरामखुर्ची. प्रभाताईंचा पगार थांबला, काम थांबले नाही. मैफली चालू राहिल्या, शिष्यांना शिकवणे चालू राहिले. त्यांनी नवे राग रचले, बंदिशी बांधल्या. पुण्यात स्वरमयी गुरुकुल उभे राहिले. २००२ साली पद्मभूषण मिळाले. २०१६ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांची अकरा पुस्तके दिल्लीला एकाच व्यासपीठावर प्रकाशित झाली. २०२२ साली पद्मविभूषण मिळाले. १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, त्या दिवशी मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते. निवृत्तीनंतरची बत्तीस वर्षे नोकरीच्या तेरा वर्षांहून मोठी भरली.

हे सारे मी घरी सांगितले. भाऊजींनी शांतपणे ऐकून विचारले, "सगळ्याच काही प्रभाताई होतात का?" प्रश्न रास्त होता. आजच्या नियमाप्रमाणे महाविद्यालयात शिकवायचे तर एम. ए. ला निदान ५५ टक्के गुण आणि त्यावर नेट किंवा सेट परीक्षा लागते. कायमच्या जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. मी त्यांना इतकेच म्हटले, की प्रभाताईंनी गाण्याबरोबर विज्ञान आणि कायदाही शिकून घेतला होता. पोरीनेही एक पाय घट्ट रोवून दुसरा उचलावा. मग असे ठरले, की संगीताबरोबर मराठी आणि गृहअर्थशास्त्र घ्यायचे, आणि पहाटेचा रियाझ चुकवायचा नाही. सासूबाईंनी रियाझासाठी देवघराशेजारची खोली मोकळी करून दिली. पुढे नोकरी लागो न लागो, रियाझ तिचा राहील.

भगिनींनो, आपल्या नावापुढे 'निवृत्त' हा शब्द कधी लागत नाही, कारण घरकामाला निवृत्तीचे वय नाही. पण मुले मोठी झाली, की दुपारचे दोन तास मोकळे मिळतातच. आपल्या मंडळात पेटी आहे, ती बहुधा झाकलेलीच असते. आठवड्यातून एक दुपार गाण्यासाठी ठेवावी, जाणत्या बाईने शिकवावे आणि तिला मंडळाने योग्य ते मानधन द्यावे, अशी माझी सूचना आहे. मानधनाचा आग्रह अशासाठी, की शिकवणारीच्या कष्टाचे मोल झाले, तरच आपल्या लेकींना गाण्यात मान दिसेल. वर्गणीचे माझे पैसे मी चिटणीसबाईंकडे आधीच देऊन ठेवले आहेत.